सड्यावरचा वर्ग

"मला नाही जायचं रत्नागिरीला. घरूनच शिकेन," मृणाली चुलीकडे बघत म्हणाली, आणि तिच्या आईच्या, दमयंतीच्या, डाव्या हातातली पेजेची वाटी ओठांशी पोचायच्या आधीच थांबली.

"घाबरलीस काय गो? रसायनात पहिली येणारी पोर तू! आणि आता मोबाईलवर कॉलेज? लोळत शिकता येतं म्हणून?"

मृणालीने चुलीत लाकूड सारलं. अंगावरून वारं गेल्यापासून आईचा उजवा हात लुळा पडला होता. निलेशदादा मुंबईला, आणि आईच्या वेणीपासून साडीच्या निऱ्यांपर्यंत सारं तिच्याच हाती. आपण गेल्यावर हे कोण करील...? पण तसं म्हणणं म्हणजे आईला ओझं म्हणणं. त्यापेक्षा भित्री ठरलेलं बरं!

ऑनलाइन पदवीचे नमुन्याचे वर्ग पाहून मग प्रवेश ठरवायचा होता. पाली गावापलीकडच्या त्यांच्या वाडीत रेंज फक्त वरच्या सड्यावर, उघड्या कातळमाळावर, म्हणून ती काजूच्या सावलीत बसे. सर छान शिकवीत, न कळलेलं पुन्हा ऐकता येई. जमतंय की, असं ती मनाला बजावत राहिली.

एका दुपारी सर पडद्यावर ब्युरेटच्या काचनळीतून थेंब थेंब सोडत होते. मृणालीचा डावा हात हवेतच तोटी फिरवू लागला, उजवा नसलेलं पात्र हलवू लागला... पडद्यावरचं पाणी गुलाबी झालं, आणि तिने त्या रिकाम्या हातांनी तोंड झाकलं.

"तुझ्या हातांना शिकायचंय गो," मागून आवाज आला. घावन्यांचं ताट घेऊन दमयंती उभी होती. "नि ते तू माझ्या निऱ्यांत गुंतवलेस. मी मात्र तुला काय काय बोलले..."

"आई, तुझं कोण करील?"

दमयंती ताट तिच्या हाती देऊन उतरू लागली, ती थेट दोन घरांमधल्या गडग्याशी, दगडी चिऱ्यांच्या कुंपणाशी, थांबली. मृणाली ताट घेऊन मागोमाग आली. पलीकडे धाकटी जाऊ गोदा नारळ सोलत होती. एका फणसाच्या झाडावरून दोघींचं बोलणं तुटलं होतं, ते मृणालीचे बाबा गेले तेव्हाही जुळलं नव्हतं.

"गोदा..." दमयंतीने हाक मारली. "पोरीला कॉलेजात धाडत्ये. सकाळी माझ्या निऱ्या घालून देशील?"

गोदाने कोयता खाली ठेवला.

"एवढी हाक मारायला इतकी वर्षं लागली, वहिनी?" तिने पदराने डोळे पुसले, मग मृणालीकडे वळून खेकसली, "बघतेस काय गो? हे चिरे काढ आधी. रोज या वयात गडग्यावरून उड्या मारू काय मी?"

मृणालीने ताट खाली ठेवलं आणि वरच्या चिऱ्याला दोन्ही हात लावले.