भोसले घाटावरचं खराब नेटवर्क

“आई... हॅलो?” अनिमेषचा फोन मध्येच कट झाला.

“इथे नेटवर्क खराब आहे ना?” काशीच्या घाटावर मागून चक्क मराठीत प्रश्न आला.

“हो... अगदीच.”

“बढिया!” म्हणत एक मुलगी शेजारच्या पायरीवर बसली आणि तिनं लॅपटॉप उघडला.

अनिमेष चाट पडला. बँकेतल्या साहेबांचा फोन लागू नये म्हणून तो भोसले घाटावरच्या दगडी महालाला टेकून बसायचा. पण खराब नेटवर्कमुळे खूश झालेलं दुसरं माणूस त्यानं अजून पाहिलं नव्हतं.

ती ऋता. काशीतच जन्मलेली, सर्व्हर तपासणं हे तिचं काम. हळू नेटवर्कवाल्यांना सर्व्हर मध्येच तोडतो का, हे पाहणारी तिची टेस्ट कधी पास व्हायची, कधी नापास.

“कोड तोच, सर्व्हर तोच! एकदम मूडी आहे मेली.”

“मग... काय करता?”

“सगळे करतात तेच. पास होईपर्यंत पुन्हा चालवायची.”

अनिमेषला धक्का बसला. बँकेची परीक्षा त्यानं याच पद्धतीनं काढली होती.

मग ती रोज संध्याकाळी येऊ लागली. वाऱ्यानं बट गालावर आली, की तो धीर करायचा, “ऋता, मला...” तेवढ्यात ती ओरडायची, “नापास!” वाक्य तिथंच राहायचं.

जूनमध्ये एके दिवशी बनारसी लंगडा आंबा चोखता चोखता ती म्हणाली, “टेस्ट सुधारली हं. खऱ्या नेटवर्कवर, वेळ मोजायला खऱ्या घड्याळावर विसंबले, तीच चूक. आता दोन्ही खोटी, लॅपटॉपमधलीच. दर वेळी पास!”

“म्हणजे... घाटावर यायची गरज...?”

“नाहीच.”

“अभिनंदन,” तो शोकसभेच्या सुरात म्हणाला. “कधी सुधारली?”

“होळीच्या आधी.”

अनिमेषनं आंब्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे. “मग इतके दिवस... रोज...?”

ऋतानं लॅपटॉप मिटला. “बोला.”

“मला... म्हणजे... तुम्ही...” एक नाव संथपणे पुढे गेली. ऋता हनुवटीला हात लावून ऐकत होती. “आज तुम्ही मध्येच तोडत नाही?” त्यानं विचारलं.

“थेंब थेंब का होईना, येतंय तोवर सर्व्हरनं तोडायचं नसतं. गप्प बसलात, तर मात्र तोडेन.”

तेवढ्यात, त्या पायरीवर प्रथमच, साहेबांचा फोन लागला. अनिमेषनं तो सरळ कापला.

“मला तू आवडतेस!”

स्वतःच्या वेगानं तो स्वतःच हादरला. ऋताचे कान लाल झाले.

“पास,” ती हळूच म्हणाली. “पण एकदा झालं म्हणून मी विश्वास नाही ठेवत... पुन्हा चालव.”