सात आठवडे प्रलंबित

लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकली तेव्हा आत दोघंच होती. एक ती, करांची सल्लागार. वय सव्वीस, तरी सगळं ऑफिस तिला 'करबाई' म्हणायचं. दुसरा, छातीशी जाडजूड शब्दकोश धरलेला एक अनोळखी तरुण. पाच मिनिटं दोघांनी आळीपाळीने बटणं दाबून पाहिली. मग त्याने विचारलं, "कर आणि शुल्क यांत फरक काय हो?"

अडकलेल्या लिफ्टमध्ये माणसं साधारण देवाचं नाव घेतात. पण करबाईला प्रश्न रास्त वाटला.

"शुल्क भरलं की काहीतरी मिळतं. कर भरला की पावती मिळते."

तो हसला नाही. पेन्सिल काढून त्याने ते कोशाच्या कडेला लिहून घेतलं. तेव्हा तिच्या आत थोडंसं... म्हणजे दशांश चिन्हानंतर कुठेतरी, काहीतरी हललं. मग लिफ्टही हलली.

तो स्पॅनिशचा अनुवादक निघाला. अर्थसंकल्पाचं पुस्तक स्पॅनिशमध्ये जायचं होतं. त्याआधी चारशे शब्दांची यादी पक्की करायची होती. शब्द तो सुचवणार, अर्थ ती तपासणार. नियम एकच – कुणाचीही हरकत आली की तो शब्द 'प्रलंबित' रकान्यात जाणार, आणि मंगळवारी तीन वाजता समोरासमोर बसून सुटणार.

पहिल्या मंगळवारी अकरा शब्द होते आणि भांडण खरं होतं. 'तासा' म्हणजे स्पेनमध्ये शुल्क, समुद्रापलीकडच्या बऱ्याच देशांत कराचा दर; चुकलं तर वाचणारा भलत्याच रांगेत उभा राहील, असं त्याने गंभीरपणे सांगितलं. सांगताना त्याची नजर तिच्या कानातल्यावर होती. त्याचा शुल्काशी काय संबंध, हे तिने विचारलं नाही.

दुसऱ्या मंगळवारी बावीस. तिसऱ्या मंगळवारपासून तो स्वतःच सुचवलेल्या शब्दांवर स्वतःच हरकती घेऊ लागला. 'इम्पुएस्तो' म्हणजे कर. खिशातल्या कोशातही सापडतो. तो सात आठवडे प्रलंबित राहिला. करबाईच्या हे लक्षात आलं. कर्तव्य म्हणून तिने 'सार्वजनिक खर्चा'वर आपलीही एक हरकत टाकली.

घरी आईने चौकशी केली, की इस्त्री मंगळवारीच का लागते आणि त्या दिवशी असं कोण येतं. "तूट," ती म्हणाली. आईने फार खोदलं नाही. तुटीला एकदा चहाला घेऊन ये म्हणाली.

दहाव्या आठवड्यात ऑफिसच्या मोठ्या मॅडमनी यादी मागवली. चारशेपैकी एकशे त्रेसष्ट प्रलंबित. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. आकडा तोच होता. कर म्हणजे काय हेच ज्यांचं ठरत नाही, त्यांच्याकडे पुस्तक देता येणार नाही, असं त्या शांतपणे म्हणाल्या. शुक्रवारी पाचपर्यंत रकाना रिकामा नसेल, तर काम दुसऱ्याला, आणि अनुवादकाला एक पैसाही नाही.

रकाना रिकामा झाला, तर त्याचं इथलं काम संपलं. म्हणजे तो जाणार होताच. पैसे घेऊन की न घेता, एवढंच उरलं होतं.

शुक्रवारी साडेचारपर्यंत त्यांनी एकशे बासष्ट शब्द निकालात काढले. एकाही शब्दावर वाद झाला नाही. खोलीत एसीतून थेंब गळत होते. पावसाची सोय तेवढीच होती.

"सही करा," ती म्हणाली.

"इम्पुएस्तोबद्दल मला अजून थोडी शंका—"

"कसली?"

तो पेनाच्या टोपणाशी चाळा करत राहिला. "...सही केली की मी मंगळवारी येऊ कशाला?"

"मला तिसऱ्या आठवड्यातच कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"त्यात एकोणतीस हरकती माझ्या आहेत."

त्याने यादीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि सही केली. मग कोश मिटून बाजूला सरकवला.

"तू मला आवडतेस. मंगळवारीच असं नाही... रोज. भेटशील?"

करबाईने चार ओळींची टिपणीसुद्धा तीनदा वाचल्याशिवाय कधी मंजूर केली नव्हती. ती "हो" म्हणून मोकळी झाली. मग भानावर आली आणि कानापर्यंत लाल झाली.

"थांब," ती म्हणाली, "मी घाईत हो म्हटलं. परत एकदा सांग... सावकाश."