तीन बल्बांचा मारेकरी

"अतिका, उजेड!" रिना रंगमंचावरून ओरडली. "अस्वल येतंय!"

अतिकाने डिमरची मूठ सावकाश वर सरकवली. पिवळा उजेड पसरला. अस्वलाने एक पाऊल टाकलं, आणि वरून 'टप्' असा आवाज आला. सगळं काळंकुट्ट!

"अस्वल गेलं!" अंधारातून वाहरूचा आवाज आला. "आणि त्याचं नाक कशावर तरी आपटलं!"

"माझ्या डोक्यावर!" रिना किंचाळली.

अतिकाने मूठ पुन्हा खाली आणली. दिवा गेला असला तरी मूठ खाली आणायची असते.

खिडक्या उघडल्या गेल्या आणि सकाळचं ऊन सभागृहात शिरलं. शहाद्याच्या नाट्यमंडळाचं हे सभागृह नुकतंच रंगवलेलं होतं. भिंती, खुर्च्या, दरवाजे, अगदी रंगमंचावर उजेड टाकणारे दोन जुने स्पॉटलाइटसुद्धा! मुलांचं नाटक रविवारी दुपारी चार वाजता होतं. आज बुधवार होता. दिवाळीची सुट्टी असूनही वसतिगृहातला वाहरू केवळ अस्वल व्हायचं म्हणून घरी गेला नव्हता.

"तिसरा!" मंडळाचे सचिव जगदीशकाका म्हणाले. "दहा दिवसांत तिसरा बल्ब! आता एकही शिल्लक नाही."

"दुसरा आणा ना, काका," रिना म्हणाली.

"कुठून आणू? सुरतला विचारलं, इंदूरला विचारलं. हजार वॉटचे हे बल्ब आता कोणी बनवतच नाही म्हणे!"

"एलईडी?"

"तोही लावून पाहिला. भिंगातून चट्टेरीपट्टेरी उजेड पडला. डिमर कमी केला की लुकलुकायला लागला. अस्वल नाचत असल्यासारखं दिसायचं!"

"मी नाचतोच!" वाहरू दुखावल्या आवाजात म्हणाला.

जगदीशकाकांनी तिकडे लक्ष दिलं नाही. "आता हे दिवे पुरे झाले. सोमवारी भंगारवाला येतोय. हारुनने कसली वायरिंग करून ठेवली होती, देव जाणे! त्यातच काहीतरी खोट असणार."

रिनाने चटकन अतिकाकडे पाहिलं. हारुनभाई म्हणजे अतिकाचे अब्बा. तीस वर्षं या सभागृहाचे दिवे त्यांनी सांभाळले होते. गेल्या पावसाळ्यात ते वारले.

जगदीशकाकांच्याही ते लक्षात आलं असावं. ते खाकरले आणि चावी शोधत बाहेर गेले.

"काका उगाच बोलतात गं," रिना म्हणाली.

"उगाच नाही," अतिका म्हणाली. "त्यांना तसं खरंच वाटतं. म्हणून ते खोटं आहे हे दाखवायला हवं. सोमवारच्या आत."

"कसं?"

"आधी एक बल्ब मिळवू. सारंगखेड्याला दिलवरबाबा आहेत. जत्रेतल्या तंबूंचे दिवे तेच करायचे. अब्बा त्यांच्याकडूनच बल्ब आणत."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने तिघंही सारंगखेड्याला गेले. दिलवरसिंगबाबा घोड्याला खरारा करत होते. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. तरी कोणी आलंय हे त्यांना पावलांवरूनच कळलं.

"कोन शे?"

"मी अतिका. हारुनभाईंची मुलगी."

खरारा थांबला. "हारुननी पोर शे का तू? बठ, बठ."

सगळं ऐकून घेतल्यावर बाबा आत गेले. हरभऱ्याच्या पिंपात हात घालून त्यांनी जुन्या फेट्यात गुंडाळलेलं काहीतरी बाहेर काढलं. आत पपईएवढा बल्ब होता. काच स्वच्छ, आतली तार अख्खी.

"शेवटला शे हाऊ," ते म्हणाले.

"बाबा, तुम्ही म्हणजे देवमाणूस!" रिनाने दोन्ही हात पुढे केले.

बाबांनी बल्ब परत गुंडाळायला सुरुवात केली. "हारुनना हातमा एक बल्ब चार-चार वरीस चाले. तुम्ही दहा दिनमा तीन मारात! तीन मारनारले मी चौथा देस नही. आधी मारनारा सोधा, मंग या."

वाहरूला अहिराणी फारशी येत नसे. त्याच्या घरी पावरी बोलत. "काय म्हणाले?" त्याने हळूच विचारलं.

"मारेकरी शोधल्याशिवाय बल्ब मिळणार नाही," रिना पडेल आवाजात म्हणाली.

"पण शोधायचा कसा, बाबा?" अतिकाने विचारलं.

"जे मरनात, त्यास्लेच इचारा!" बाबा म्हणाले आणि पुन्हा घोड्याकडे वळले.

परतीच्या एसटीत रिना सारखी बडबडत होती. "मेलेल्या बल्बला काय विचारायचं? 'काय हो बल्बराव, तुमचं कोणाशी वैर होतं का?'"

"पोस्टमॉर्टेम," अतिका एवढंच म्हणाली.

मेलेले तिन्ही बल्ब सभागृहाच्या अडगळीच्या खोलीत सापडले. ते पिशवीत घालून तिघं अतिकाच्या घरी आले. अतिकाची अम्मी नईमा शिलाई मशीनवर बसली होती. तिने पिशवीत डोकावून पाहिलं, उठली आणि कपाटावरून एक खोका काढून दिला. आत आणखी चार जळके बल्ब होते. अब्बा एकही फेकत नसत.

"हे कशाला ठेवले होते, अम्मी?"

"मला कधी विचारायचं सुचलं नाही," नईमा म्हणाली आणि पुन्हा मशीनवर बसली.

अंगणातल्या उन्हात सातही बल्ब ओळीने मांडले गेले.

"सगळ्यांच्या काचेवर काळा डाग आहे," रिना म्हणाली. "जळले म्हणजे काळे होणारच. त्यात काय?"

"थांब." अतिका एकेक बल्ब फिरवून पाहू लागली. "अब्बांच्या चौघांना डाग कुठे आहे? डोक्यावर. आणि आत्ता मेलेला हा तिसरा बघ. याचा डाग बुडाशी आहे, पितळेच्या टोपणापाशी!"

"आणि या दोघांना दोन-दोन डाग!" वाहरू ओरडला. "एक डोक्यावर, एक बुडाशी!"

"एकाला दोन टिळे? लग्नाला निघालेत की काय!"

"रिना, गप्प बस जरा!" अतिका घाईने म्हणाली. "हे दोघं अब्बांच्या वेळेपासून दिव्यात होते. डोक्यावरचा डाग तेव्हाचा. बुडाशी आहे तो या दहा दिवसांतला. मग या दहा दिवसांत डाग खाली का सरकला?"

वाहरूने बल्ब हातात घेतला. बुडाशी असलेल्या डागावर त्याने बोट फिरवलं. मग म्हणाला, "आमच्या पाड्यावर वीज गेली की चिमणी लावतात. काजळी कुठे धरते? वर, छपराला. ती कधी खाली जात नाही. डाग खाली सरकलाच नाही, अतिका. डाग वरच धरलाय. बल्बच उलटा होता!"

दोघी त्याच्याकडे बघतच राहिल्या.

"अस्वलाला डोकं आहे!" रिना म्हणाली.

अतिकाने तिन्ही बल्ब उलटे धरले. पितळेच्या टोपणातलं शिसं वितळून त्याचे थेंब झाले होते. "सगळी आच वर चढून बुडात शिरली. म्हणून मेले. आधी ते दिवे विंगेत स्टँडवर उभे असायचे. रंगकामानंतर चुनीमामांनी ते वरच्या नव्या पाइपला टांगले."

"चला, मामांना पकडू!" रिना म्हणाली.

चुनीलालमामा सभागृहाचे इलेक्ट्रिशियन. स्वभावाने चांगले, पण आपली चूक झाली असं त्यांनी आजवर कधी मान्य केलं नव्हतं. शुक्रवारी सकाळी ते जगदीशकाकांबरोबर पंख्यांची पाहणी करत होते.

"मामा, ते दिवे तुम्ही उलटे टांगलेत," अतिका सरळ म्हणाली.

"उलटा? जसाना तसा टांगेल शे!" मामा भडकले. "आणि बल्बले काय उलटंसुलटं? घरना बल्ब काय वर तोंड करीसन ऱ्हास का? खालेच लटकस ना!"

जगदीशकाका हसले. "बरोबर आहे की. घरचा बल्ब उलटाच असतो."

अतिका म्हणाली, "घरचा साठ वॉटचा असतो. हा हजाराचा. हा म्हणजे चूल आहे, मामा!"

"नवी पोरं, नवी अक्कल!" म्हणून मामा पुन्हा पंख्याकडे वळले.

हे असं जमणार नव्हतं. रिनाने अतिकाला मागे ओढलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "जाऊ द्या, मामा. दिवे सोमवारी भंगारात जाणारच आहेत. पण आम्हाला शाळेत सुट्टीवर निबंध लिहायचाय. त्या दिव्यावर कंपनीचं नाव आहे का हो? एवढ्या उंचावर तुमच्याशिवाय कोण चढणार?"

मामा खूश झाले. मेन स्विच बंद करून ते शिडीवर चढले. वाहरूने शिडी धरली.

"पट्टी शे, पण तिच्यावर रंग बठेल शे," मामा वरून म्हणाले आणि टेस्टरने रंग खरवडू लागले. चंदेरी पापुद्रे खाली पडले. "हां, दिसनं! थांबा, वाचस..."

मामांनी मान डावीकडे वाकडी केली. मग आणखी वाकडी केली. शेवटी शिडीवर जवळजवळ आडवे होऊन ते अक्षरं लावू लागले.

"मामा," रिनाने विचारलं, "तुम्ही मान का वाकडी केली?"

मामांनी मान सरळ केली. पट्टीकडे पाहिलं. मग दिव्याच्या खालच्या बाजूला हात लावला. गरम हवा बाहेर जायची सगळी भोकं तिथे होती, जमिनीकडे तोंड करून.

"जगदीशभाऊ," ते वरूनच म्हणाले, "पट्टी उलटी शे."

"पट्टी?"

"दिवा," मामा म्हणाले. "दिवा उलटा शे. मीच टांगा."

जगदीशकाका खुर्चीवर बसले. त्यांनी एकदा दिव्याकडे, एकदा अतिकाच्या हातातल्या बल्बकडे पाहिलं. "म्हणजे वायरिंग..."

"वायरिंगला काही झालेलं नाही," अतिका म्हणाली.

"मंडळी, हसू नका," मामा शिडीवरून उतरत म्हणाले. कोणीही हसलं नव्हतं.

त्याच दुपारी मामांनी दोन्ही दिवे सुलटे केले. अतिकाने सारंगखेड्याला फोन लावला. मारेकरी कोण ते ऐकून दिलवरबाबा इतके हसले, की फोन लांब धरावा लागला. रविवारी ते स्वतः एसटीने आले. फेट्याचं गाठोडं मांडीवर घेऊन बसले होते आणि वाटेत त्याला कोणालाही हात लावू दिला नव्हता.

बल्ब एक होता, म्हणून दिवाही एकच लागणार होता. हा बल्ब टिकला नाही तर दुसरा मिळणार नव्हता. मामांनी बल्ब बसवला. अतिका डिमरपाशी उभी राहिली. तिने मूठ एक रेघ वर नेली आणि थांबली. तार तांबडी झाली. आणखी एक रेघ. नारिंगी. सगळे वर पाहत होते. तिने मूठ शेवटपर्यंत नेली आणि पिवळा उजेड रंगमंचावर उतरला. पाच मिनिटं झाली. दहा झाली. 'टप्' आवाज आला नाही.

"हाऊ हारुनना हात शे," दिलवरबाबा म्हणाले. त्यांना दिसत नव्हतं, पण उजेडाची ऊब तोंडावर जाणवत होती.

नाटक सुरू होण्याआधी जगदीशकाका लोकांसमोर उभे राहिले. "आपल्या दिव्यांच्या वायरिंगमध्ये खोट आहे, असं मी पुष्कळांना सांगितलं होतं," ते म्हणाले. "ते चुकीचं होतं. हारुनभाईंचं काम चोख होतं. ते मला या तीन मुलांनी शिकवलं. दिवे भंगारात जाणार नाहीत आणि आजचा उजेड अतिकाचा आहे."

टाळ्या वाजल्या. सगळ्यात मोठ्याने चुनीमामांनी वाजवल्या. अस्वलाला दोन वेळा नाचावं लागलं, कारण पहिल्या रांगेतली लहान मुलं त्याला जाऊच देईनात!

सहा वाजता सभागृह रिकामं झालं. मामा शिडी घेऊन आले. "बल्ब काढी ठेवू का? सांभाळीसन ठेवना पडी."

"आत्ता नको, मामा. तार गरम असताना धक्का लागला तर तुटते. गार होऊ दे."

"किती येळ?"

"अर्धा तास."

मामा बाहेर पायरीवर जाऊन बसले. चाव्यांचा जुडगा हातात धरून जगदीशकाकाही त्यांच्याशेजारी बसले. कोणी घाई केली नाही.

नईमा तिसऱ्या रांगेत बसून होती. अतिका तिच्या शेजारी येऊन बसली. दोघी वर त्या दिव्याकडे पाहत राहिल्या.

"म्हणून तुझ्या अब्बांना रोज घरी यायला उशीर व्हायचा तर," नईमा म्हणाली.

"हो, अम्मी."

दिव्याचा पत्रा गार होताना अधूनमधून बारीक वाजत होता.