पोचलो म्हणेपर्यंत

खट्.

एवढासाच आवाज, पण दुपारच्या झोपलेल्या घरात तो फटाक्यासारखा वाटला. नवरा सोफ्यावर, पुस्तक छातीवर पालथं. लेक, टिकली, आतल्या खोलीत, एक पाय पलंगाबाहेर. आणि मी पॅसेजमध्ये उकिडवी बसून माझ्या सायकलच्या मागची तिची सीट काढत होते. मूल झोपलं की घरातली प्रत्येक वस्तू मुद्दाम वाजते, हे आयांना सांगायला नको. सीटच्या पट्ट्याचं बक्कल सुटलं होतं, इतकंच. मी श्वास रोखून आत पाहिलं. टिकली हलली नाही. मग मी सीट उचलून चपलांच्या कपाटाशेजारी ठेवली, आणि सायकल मागून उचलून पाहिली. हलकी, अगदी पिसासारखी झाली होती.

दुसऱ्या दिवशी मोठी सायकल फेरी होती. शहराचे रस्ते सकाळभर गाड्यांना बंद, आणि आमच्यासारखे हजारो हौशे-नवशे नंबर लावून निघणार. स्टेडियमपासून सुरुवात, मग घाट चढायचा, पलीकडे उतरायचं, नदीवरच्या पुलावरून परत. पुलावर ठरलेल्या वेळी दोरी लागते. दोरीच्या अलीकडे राहिलेल्यांना मागून येणारी झाडूगाडी उचलते. तिचं खरं नाव काहीतरी भारदस्त आहे, पण रस्ता झाडत येते म्हणून सगळे तिला झाडूगाडीच म्हणतात. गेल्या वर्षी तिनं मलाही झाडून नेलं होतं. ट्रकमध्ये सायकलींच्या ढिगात बसून परत येताना शेजारच्या आजोबांनी मला गोळी दिली होती, लिमलेटची. लहान मुलाला देतात तशी. ती गोळी वर्षभर माझ्या घशात अडकली होती.

यंदा मी पूल ओलांडणारच होते. बाळंतपणानंतर हे शरीर सगळ्यांचं झालं होतं, बाळाचं, डॉक्टरांचं, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या सल्ल्यांचं. ते मला माझं परत हवं होतं. त्यासाठी वर्षभर मी टिकलीला मागे बसवून सायकल हाणली होती. पाळणाघर, भाजी, प्रयोगशाळा, सगळं सायकलवर. प्रयोगशाळेत मी पिण्याच्या पाण्याचे नमुने तपासते. पहिल्यांदा आलेल्या आकड्यावर आम्ही विश्वास ठेवत नाही. तोच आकडा पुन्हा आला, तरच सही.

टिकलीचे आणि माझे सायकलवरचे काही कायदे होते. उतार आला की मी म्हणायचं, “घट्ट धर.” मग ती माझा शर्ट मागून दोन्ही मुठींत पकडायची. खड्डा दिसला की मी हात खाली करून “खड्डा” म्हणायचं, जसं पुढचे सायकलवाले मागच्यांना सांगतात, आणि तिनं म्हणायचं, “दिसला.” मी कधी मुद्दाम गुळगुळीत रस्त्यावर “खड्डा” म्हटलं तर ती “खोटं” असं ओरडायची आणि माझ्या पाठीत डोकं आपटायची. आणि सगळ्यात मोठा कायदा: मी “पोचलो” म्हणेपर्यंत उतरायचं नाही. एकदा घरी येता येता फोन वाजला आणि मी बोलतच आत गेले. बऱ्याच वेळानं आठवण झाली. बाहेर येऊन पाहते तर बाईसाहेब पॅसेजमध्ये, भिंतीला टेकवलेल्या सायकलवर, बक्कल स्वतः उघडून, तरी सीटवरच. गाल फुगवून बसलेल्या. “तू पोचलो म्हणालीच नाहीस,” म्हणाली.

सकाळी मी निघाले तेव्हा ती उठून दारात आली. केस उभे, डोळे अर्धवट मिटलेले. सायकलकडे पाहून तिनं विचारलं, आज मागे कोणी नाही? मी म्हटलं, कोणी नाही, आज आई एकटीच. तिनं सायकलच्या मागे वाकून पाहिलं. “बरं,” म्हणाली, आणि हात हलवला. मग पुन्हा एकदा हलवला, जरा खाली. दुसरा सायकलसाठी असणार, असं मी धरून चालले.

स्टेडियमपाशी नणंद भेटली. तिला घरात सगळे भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी टिकत नाही, ना तिचे पाय, ना तिचं तोंड. तिनं माझ्या नंबराकडे पाहून विचारलं, की ट्रकमध्ये खिडकीची जागा सांगून ठेवलीय का. मी म्हटलं, तुझ्यासाठी ठेवलीय. शिट्टी झाली, हजारो बूट खटाखट पेडलांवर बसले आणि तो सगळा रंगीत लोंढा हलला.

त्या पहिल्या तासाबद्दल मी काय सांगू? रिकामा सहापदरी रस्ता, सिग्नल लाल असून कोणी थांबत नाही, आणि चाकांचा आवाज, दूर कुठे तांदूळ पाखडत असावेत तसा. माझे पाय सुरेख चालत होते. ओझं घेऊन शिकलेले पाय ते, आता मोकळे सुटले होते. भिंगरी माझ्या पुढे, तिच्या चाकाला चाक लावून मी. पुढून हात खाली होत यायचे, “खड्डा, खड्डा,” असं एकाकडून दुसऱ्याकडे, आणि मीही हात खाली करून मागे पोचवायची.

घाटाच्या पायथ्याशी गर्दी पांगली. माझ्या मागे आता बरंच अंतर मोकळं होतं. पुढे झाडाच्या सावलीत एक खड्डा होता. भिंगरीनं दाखवला. मागे कोणी नाही हे माहीत असून सवयीनं मी हात खाली केला. “खड्डा.”

“दिसला,” मागून आवाज आला.

बारीक, जरा नाकातला आवाज. मी हसले. डोकं किती गमतीदार असतं. वर्षभर जे ऐकलं ते त्यानं आपणहून भरून काढलं. तरी मी मान वळवून पाहिलं. रस्ता रिकामा, आणि बराच मागे एक जाडजूड गृहस्थ उतरून सायकल ढकलत होते.

चढ सुरू झाला आणि सायकल जड झाली. चढावर ती होतेच, पण चढाचं जडपण मला ठाऊक आहे. ते मांड्यांना लागतं. हे मागून ओढल्यासारखं होतं, आणि तेही मला चांगलंच ठाऊक होतं. रोज पाळणाघराच्या चढावर ते असंच लागतं.

वळणापाशी भिंगरी थांबून पाणी पीत होती. मी तिला सांगितलं, ब्रेक घासतोय बहुतेक. आम्ही सायकल मागून उचलली आणि चाक फिरवलं. ते अडखळल्याशिवाय फिरत राहिलं, टिकटिकत, आमचा कंटाळा येईपर्यंत. सायकल पिसासारखीच होती. “ब्रेक ठीक आहे,” भिंगरी म्हणाली, “तूच घासतेयस, वहिनी.” मग माझ्या पाठीमागून जाताना ती थबकली. माझा शर्ट मागून असा का चुरगळलाय, तिनं विचारलं. दोन ठिकाणीच, कमरेच्या दोन्ही बाजूंना. तिनं तो ओढून सरळ केला. धुतल्यावर नीट वाळत घातला नसेल, मी म्हटलं. तिनं मान डोलावली आणि पुढे निघून गेली, कारण ती भिंगरी होती.

मी पुन्हा चढायला लागले. वरचा रस्ता नवा होता, काळा, काचेसारखा. एक चीर नव्हती त्यावर. आणि मला वाटलं, तपासूनच पाहू. आकडा दुसऱ्यांदा आला पाहिजे.

मी हात खाली केला. “खड्डा,” मी म्हटलं.

मागे शांतता. फक्त माझा श्वास आणि साखळीचा आवाज. मी मनाशी म्हटलं, झालं, संपलं.

“दिसला,” ती म्हणाली.

उन्हात माझ्या दंडांवर काटा आला. तोवर मला ती टिकलीच वाटत होती, माझ्या डोक्यातली टिकली, आणि तिची भीती कशाला वाटेल? पण टिकली “खोटं” म्हणाली असती. माझ्या डोक्यातली टिकलीसुद्धा “खोटं”च म्हणाली असती.

घाटमाथ्यावर केळी आणि मिठाचं पाणी वाटत होते. मी उतरले नाही. एक पाय टेकवून केळं खाल्लं. वाटणाऱ्या बाईंनी मला एक केळं दिलं, माझ्या मागे पाहिलं, आणि आणखी एक पुढे केलं. मग हात आवरून गोंधळून हसल्या. मी विचारलं नाही. पुलाच्या दोरीला फार वेळ उरला नव्हता, आणि मागून झाडूगाडीचा पिवळा दिवा वळणावळणानं वर येताना दिसत होता. सायकल हातात होती, पाय शाबूत होते. मी निघाले.

उतारावर मी ब्रेक दाबून होते. दोन्ही हातांनी, बोटं पांढरी होईपर्यंत. का, ते मला कळत होतं आणि मी ते स्वतःशी म्हणत नव्हते. मागे मूल असलं की आई उतारावर सायकल सोडत नाही. बाकीचे सूं करून बाजूनं जात होते. भिंगरीचा तर पत्ता नव्हता. माझ्या मागे एक मूल बसलं होतं, ज्याला सीट नव्हती, पट्टा नव्हता, आणि मी त्याला सांभाळून उतरवत होते. ते नाही हे मला माहीत होतं. तरी ब्रेक सोडवेना.

पिवळा दिवा आता माझ्या हँडलच्या आरशात होता. खाली दूरवर पूल दिसला, आणि पुलाच्या तोंडाशी दोरी घेऊन उभी असलेली दोन माणसं.

ती लिमलेटची गोळी मला आठवली.

असं किती वेळ उतरणार होते मी? एक तर तिला नाही म्हणायचं आणि ब्रेक सोडायचे, नाही तर तिला आहे म्हणायचं. नाही म्हणून मला सोडता येईना. मी आई आहे.

“घट्ट धर,” मी म्हटलं.

शर्ट मागून ताणला गेला. दोन्ही बाजूंना, एकदमच.

मी ब्रेक सोडले.

तसं मी आयुष्यात उतरले नव्हते. वारा कानांत, डोळ्यांत पाणी. पहिलं वळण आलं. टिकली वळणावर घाबरून उलट्या बाजूला झुकते, आणि मला तिला सावरत वळावं लागतं. हिनं तसं केलं नाही. ही माझ्याबरोबर झुकली.

माझ्या थोडं आधीच झुकली.

पुढच्याही वळणावर. त्याच्या पुढच्याही. ही वळणं तिला पाठ होती.

पुलावर मी शिरले तेव्हा दोरीवाल्यानं दोरी उंचावून मला खालून जाऊ दिलं. “या, या ताई, झालं,” तो म्हणाला. माझ्यामागे दोरी पडली.

स्टेडियमपाशी भिंगरीनं मला मिठी मारली आणि माझं पदक माझ्याआधी स्वतःच्याच गळ्यात घालून पाहिलं. मी रडले, हसले, फोटो काढले. खोटं कशाला बोलू, मला फार छान वाटत होतं. शरीर माझं होतं, पूल माझा होता. घरापर्यंतचा रस्ता मी सावकाश, गाणं गुणगुणत आले. सायकल जड होती, पण कोणाची होणार नाही इतकं चालवल्यावर? घरी नवऱ्यानं दार उघडलं आणि ट्रक कुठे लावलास, असं विचारलं. मी त्याच्या तोंडासमोर पदक नाचवलं. सायकल पॅसेजमध्ये भिंतीला टेकवली आणि आंघोळीला पळाले.

दुपारी पुन्हा घर झोपलं. नवरा सोफ्यावर. टिकलीला मी थोपटून निजवलं, पदक मुठीत घेऊनच ती झोपली. मी पाणी प्यायला उठले आणि पॅसेजमध्ये थांबले.

सायकल होती तशीच होती. पुढचं चाक गोल. मागचं चाक मात्र खाली, फरशीला टेकतं तिथं, जरासं पसरलेलं. हवा गेली असेल म्हणून मी वाकून अंगठ्यानं दाबलं. दगडासारखं कडक होतं. पुन्हा दाबलं. तसंच.

कोणी बसलं असताना टायर पसरतो, तसा तो पसरला होता.

मग मला आठवलं, मी घरी आले तेव्हा काय म्हणाले होते. “पदक” म्हणाले होते, “बघ” म्हणाले होते.

मागे पावलं वाजली. टिकली उठून आली होती. गालावर पदकाचा गोल ठसा. ती माझ्या कमरेला बिलगली आणि सायकलच्या मागच्या बाजूकडे पाहत राहिली, आपल्याच उंचीच्या मुलाकडे पाहावं तशी. समोर कोणी गाल फुगवून बसलं की आपणही फुगवतो, तसे तिनंही गाल फुगवले. मग सोडले.

“आई,” तिनं हळूच विचारलं, “मी सांगू तिला, पोचलो म्हणून?”