सोमवारचे डंख

मानसिंगला मधमाश्या फक्त सोमवारी डंख मारीत.

उंब्रजच्या वरच्या डोंगरात एका संस्थेने मधमाश्यांच्या पेट्या ठेवल्या होत्या. त्यांची देखभाल मानसिंगकडे होती. एरवी तो उघड्या हातांनी पोळे उचले, तरी माश्या त्याच्या मनगटावरून निवांत फिरत. सोमवारी त्याच माश्या त्याच्यावर तुटून पडत.

विजयमालेची आणि त्याची ओळखही डंखानेच झाली होती. प्राणिशास्त्राची पदवी घेऊन ती तपासनीस म्हणून आली आणि पहिल्याच दिवशी, एसटीतून उतरून डोंगर चढताच, एका माशीने तिच्या कानाची पाळी गाठली. ती काटा चिमटीत धरणार, तोच मागून कुणी ओरडले —

“आवं बाई, चिमटीत धरू नगासा! इख आत जातंय. थांबा…”

त्याने नखाने काटा अलगद खरवडून काढला. खरे तर तिचा एकच कान लाल व्हायला हवा होता, दोन्ही झाले.

तेव्हापासून पेट्यांची तपासणी जरा वरचेवर होऊ लागली.

सोमवारच्या कोड्याचे उत्तर आपल्याला सापडले, असे विजयमालेला एके दिवशी वाटले. मिरजेत शिकलेली नर्स हेमलता गावच्या दवाखान्यात सोमवारीच येई. मानसिंग सुजलेला हात घेऊन तिच्याकडे जाई आणि खिडकीतून दोघांचे हसणे ऐकू येई. म्हणजे हा गृहस्थ मुद्दाम माश्यांना डिवचत होता! पुरावा भक्कम होता. त्या पुराव्याने आपली भूक का मारली, हा प्रश्न तिने अभ्यासाबाहेर ठेवला.

“आज पुन्हा दवाखाना?”

“व्हय. सिस्टर लय हळू हातानं औषध लावत्यात.”

“मग रोजच चावून घ्या की!”

“रोज कुठं असत्यात त्या?” तो सरळपणे म्हणाला.

त्याच आठवड्यात सांगलीच्या एका महाविद्यालयातून तिला प्रयोगशाळेतल्या जागेसाठी विचारणा झाली. तिने जायचे ठरवले आणि मानसिंगलाही तसे सांगून टाकले. पण न तपासलेला निष्कर्ष घेऊन गाव सोडणे तिच्या शिस्तीत बसेना. पुढच्या सोमवारी ती आधीच जाऊन जांभळीच्या झाडाआड उभी राहिली.

मानसिंग आला. बांधावर बसून त्याने केळी खाल्ली, हात विजारीला पुसले आणि हळुवारपणे पेटी उघडली. त्याने काहीच डिवचले नाही. तरी माश्या उसळल्या.

“आयला!”

विजयमाला पुढे धावली. त्याला ओढत लांब नेऊन तिने त्याचा हात नाकाशी धरला.

“आवं… काय करताय?”

“गप्प बसा. वास घेतेय.”

तिला नुकतेच वाचलेले संशोधन आठवले. डंख मारताना माशीच्या नांगीतून एक गंधद्रव्य सुटते. तो वास येताच बाकीच्या माश्या हल्ल्याला धावतात. शास्त्रज्ञांनी ते द्रव्य ओळखले, तेव्हा ते पिकल्या केळ्याच्या वासातलेच निघाले.

तिने काठीला केळ्याची साल बांधून दुसऱ्या पेटीच्या दाराशी नेली. माश्या उसळल्या. तिसऱ्या पेटीशी नुसतीच काठी नेली. माश्या ढिम्म.

“म्हंजी मीच त्यास्नी सांगत हुतो, या, चावा म्हणून?”

“अगदी तसंच. पण केळी सोमवारीच का?”

तो पुन्हा हात विजारीला पुसू लागला.

“उपास असतोय… सोळा सोमवार.”

“ते मुली धरतात. नवरा मिळावा म्हणून.”

“पोरगी देवच मानत न्हाई. मग कुणीतरी धराय नगं?”

“हेमलता देव मानत नाही?”

“सिस्टर? आवं, त्यांचं मालक माझ्या भावाच्या पलटणीत हायत. त्याची खुशाली कळती म्हणून बसतो घडीभर.” मग हलकेच, “ही पोरगी… पयल्याच दिवशी कानावर डंख घेऊन आली.”

विजयमालेचा हात नकळत कानाच्या पाळीकडे गेला.

“किती सोमवार उरलेत?”

“थोडंच.”

“पूर्ण करा. पण केळी नकोत, रताळी खा.”

“आन् सांगली?”

“तिथल्या प्रयोगशाळेत मधमाश्या नाहीत.”

माश्या सोमवारीच डंख मारीत, कारण मानसिंग सोमवारी केळी खाई. आणि तो केळी खाई, कारण विजयमाला आपली व्हावी म्हणून त्याने उपास धरला होता.