सिस्टर अकेनेसेची चटई

फुआतिनो त्या शुक्रवारी दुपारच्या पाळीला निघाली, तेव्हा तिच्या टोपलीत भाजलेले दोन नीरफणस होते आणि मनात काहीच नव्हतं. सावाई बेटावरचा तो आठ खाटांचा, तांबड्या पत्र्याचा दवाखाना तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. एकतीस वर्षं ती ही वाट चालत होती. काळ्या लाव्ह्याच्या दगडांवरून ती अनवाणीच पायऱ्या चढून आली, सहज मागे वळून पाहते तो पांढऱ्या पायरीवर रक्ताचे ठिपके. एक, दोन, तीन. कोणाला लागलं बाई, म्हणून तिने इकडेतिकडे पाहिलं. कोणाला नाही, तिलाच. डाव्या अंगठ्याखाली शिंपल्याची कपची रुतली होती आणि तिला पत्ताच नव्हता.

"वय झालं," ती स्वतःशीच म्हणाली. कपची काढली, पट्टी बांधली. दोन महिने तो पाय असा बधिर, लाकडासारखा होता. डॉक्टरांना दाखवायचा होता, पण आधी वॉर्डातलं आवरू दे, मग. हे 'मग'सुद्धा दोन महिन्यांचंच होतं.

वॉर्डात तीन नंबरच्या खाटेवर सालाफाई आजी भिंतीकडे तोंड करून पडली होती. अख्ख्या किनाऱ्यावर बारीक विणीची चटई विणावी तर तिनेच. लग्नात तिची चटई आली की बायका बोट लावून बघायच्या. साखरेच्या आजाराने तिचा उजवा पाय सडत चालला होता. सकाळी डॉक्टर विलियामु येऊन सांगून गेले होते, की पाय गुडघ्याखाली कापावा लागेल, उद्याच्या पहिल्या बोटीने मोठ्या दवाखान्यात हलवा. तीन दिवस आजी एक शब्द बोलली नव्हती.

तिचा थोरला मुलगा इओसेफा दारात उभा होता. घराण्याचा प्रमुख तो. अशा घरी शब्द प्रमुखाचा, आणि मान म्हणून सगळे त्याच्याशीच बोलतात. फुआतिनोनेही तेच केलं. दारातच उभ्याउभ्या कागद पुढे केला.

"सही इथे, आणि इथे."

"आईला कळलंय ना?" इओसेफा हळूच म्हणाला.

"डॉक्टरांनी सांगितलंय तिच्यासमोर."

त्याने सही केली. पेन परत देत तो म्हणाला, "तिला विचारलं तर ती नाही म्हणेल, सिस्टर. मग मी काय करू? मला आई जगायला हवीय."

समोरच्या खाटेवर दम्याचा म्हातारा मासेमार फाइगा बसला होता. जीभ त्याची गळासारखी. "झाली सही? छान! आता त्या पायालाही विचारून घ्या, बोटीत बसायचंय का त्याला."

"गप रे फाइगाआजोबा, दम लागेल."

"दम लागतो तो तुमच्या घाईने. अकेनेसे असती तर आत्तापर्यंत चटई पसरून बसली असती."

फुआतिनो हसली खरी, पण ते नाव काट्यासारखं आत गेलं.

सिस्टर अकेनेसेला जाऊन अकरा वर्षं झाली होती. फुआतिनो वीस वर्षांची पोर होती, तेव्हा या वॉर्डात पाऊल ठेवल्या दिवशीच अकेनेसेने तिला दरडावलं होतं, "घरात वडीलधाऱ्यांशी उभ्याने बोलतेस का गं? मग इथे माणूस खाटेवर पडला म्हणून लहान होतो?" आणि स्वतः केवड्याच्या पातीची चटई सर्रर्र करून खाटेशेजारी उलगडली होती. बसताना तिचा गुडघा वाजायचा, कट्. नेहमी एकदाच. मोसोओईच्या पिवळ्या फुलांचं खोबरेल ती केसांना लावायची. ती बसली की औषधांच्या वासावर तो वास पसरायचा, आणि ताप असलेलं माणूससुद्धा डोळे उघडायचं.

"उभ्याने विचारलं की माणूस 'हो' म्हणतो," ती सांगायची, "बसून विचारलं की खरं सांगतो."

तेवढाच तिचा वसा. बसायचं, विचारायचं, आणि जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहायचं. प्रत्येक कार्डावर ती निळ्या पेन्सिलीने उभी रेघ मारायची आणि वर लिहायची, 'रुग्ण म्हणतो'. ज्याच्यापुढे मोठा निर्णय असेल, त्याच्या खाटेशी ती संध्याकाळच्या प्रार्थनेलाही बसायची. किती सुंदर संध्याकाळी होत्या त्या! खिडक्यांच्या काचपट्ट्यांतून समुद्राचा वारा, खाटाखाटांवरून उठणारं भजन आणि खाली चटईवर अकेनेसे.

ती गेली. मग नवी छापील कार्डं आली, त्यांत तो रकाना नव्हता. माणसं वाढली, वेळ आटला. घेतला वसा टाकू नये म्हणतात. फुआतिनोने तो टाकला नव्हता, हातून नुसता सुटला होता. चटई कपाटामागे गुंडाळलेली राहिली. निळी पेन्सिल मात्र नव्हती. ती फुआतिनोनेच अकेनेसेच्या हाताशी, शवपेटीत ठेवली होती.

तिन्हीसांज झाली. गावात जुन्या गॅसच्या टाकीवर ठोके पडले. ही 'सा'ची वेळ. घराघरांत माणसं खाली बसतात, देवाचं नाव घेतात, आणि पुढचे ठोके पडेपर्यंत रस्त्यावर कुत्रंही फिरत नाही. वॉर्डातही तसंच. इओसेफा दाराशी मांडी घालून बसला, फुआतिनो टेबलाशी. तिने डोळे मिटले आणि भजन धरलं. फाइगाचा जाड आवाज त्यात मिसळला.

दुसऱ्या कडव्याला कपाटामागे काहीतरी हललं.

उंदीर, तिला वाटलं. मग अनवाणी पावलं. सावकाश, थोडी फेंगडी, जमिनीला सवय असलेली पावलं. सा चालू असताना कोणी चालत नाही. कोण हे? ती गात राहिली, पण आवाज तिचा तिलाच दुरून येत होता.

सर्रर्र…

 फाइगाचं भजन मधेच तुटलं.

कट्.

आणि मग तो वास. खोबरेल, पिवळी फुलं, उन्हात वाळलेले केस. अकरा वर्षांत या वॉर्डात तो वास आला नव्हता.

"फुआतिनो…" फाइगा कुजबुजला. "डोळे उघडू नकोस, पोरी… नको उघडूस…"

तिने उघडले नाहीत. तीन नंबरकडून बोलणं येत होतं, भिंतीपलीकडून यावं तसं. एक आवाज विचारत होता आणि थांबत होता. फार वेळ थांबत होता. मग सालाफाई आजीचा, तीन दिवस न वापरलेला, खरखरीत आवाज. शब्द कळत नव्हते. मधेच आजी रडली, आणि मग, देवा, हलकेच हसली.

गावात ठोके पडले. सा संपली.

फुआतिनोने डोळे उघडले. तीन नंबरशी चटई पसरलेली होती. तिच्या मधोमध दोन खळगे होते, गुडघे टेकवावेत तसे, आणि बघता बघता त्यातल्या पात्या हळूहळू वर उठत होत्या. इओसेफा दाराशी हात जोडून थिजला होता. सालाफाई आजीने भिंतीकडची कूस बदलली होती आणि ती सरळ फुआतिनोकडे बघत होती.

"बरी पाठवलीस," ती म्हणाली. "तीन दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्यापेक्षा खाली बसलं."

"कोण आलं होतं, आजी?"

"ती म्हातारी सिस्टर. थंड हातांची."

खाटेच्या पायथ्याला कार्ड लटकत होतं. फुआतिनोने ते उचललं. छापील ओळींवरून निळी उभी रेघ गेली होती. वर लिहिलं होतं, 'रुग्ण म्हणतो'. खाली काहीच नव्हतं. रकाना रिकामा होता.

फुआतिनोने कार्ड उलटून पाहिलं. मग तिला उमगलं, की तो तिच्यासाठीच रिकामा ठेवलाय. ती चटईवर बसली. खळगे सोडून, कडेला. भीती वाटत होती, पण गुडघ्यांना चटईची जुनी ओळखही होती.

"आजी, मला सांग. मी चुकले, आधी विचारलं नाही. तुला कशाची भीती वाटते? तुझं काय म्हणणं आहे?"

"बोटं गेली, ते मला कळतं गं. वासच सांगतो. जाऊ देत ती," आजी म्हणाली. "पण टाच जिवंत आहे. चटई विणताना मी कड टाचेखाली धरते. पन्नास वर्षं धरतेय. रात्री तिथे दुखतं, चुणचुणतं. मेलेलं दुखतं का? डॉक्टर बोटं बघतो आणि पोराशी बोलतो. टाचेला कोणी हातच लावला नाही."

"मग तू बोलली का नाहीस?" इओसेफा पुढे आला. हा मोठा पुरुष लहान मुलासारखा रडत होता.

"तू उभा होतास, बाळ. एवढा उंच. मान वर करून किती बोलू?"

इओसेफा खाली बसला. फुआतिनोने आजीचा शब्द न् शब्द लिहिला, साध्या पेनाने. मग टाचेला हात लावला. कोमट होती. घोट्यामागे बोटं ठेवून तिने श्वास धरला, आणि कुठेतरी खोल, भित्र्या पाखरासारखी नाडी लागली.

तिने लगेच डॉक्टर विलियामुंना फोन लावून सगळं सांगितलं. "मी वचन देत नाही, सिस्टर. पण तिकडे पोचल्यावर आधी पुन्हा नीट तपासायला सांगतो. आणि आजींशीच बोलायला सांगतो."

सालाफाई आजी सकाळच्या बोटीने गेली ती नव्या कागदावर स्वतःचा अंगठा उमटवून. इओसेफाने तो कागद गुडघ्यांवर बसून धरला होता.

सहा आठवड्यांनी ती परतली. पावलाचा पुढचा भाग गेला होता, टाच होती. त्या दिवसांत फुआतिनोने आठही कार्डांवर रेघा मारल्या होत्या, बाजारातून आणलेल्या निळ्या पेन्सिलीने. वॉर्डाला जुने दिवस आल्यासारखे वाटत होते. फाइगा बरा होऊन घरी गेला, तरी उगाच मासे द्यायला यायचा आणि कपाटामागे डोकावून जायचा.

संध्याकाळी आजीची पट्टी बदलून, तिला तीन नंबरच्या खाटेवर बसवून फुआतिनो टेबलाकडे निघाली.

"तू लंगडतेस," आजी मागून म्हणाली.

"काही नाही गं. एक कपची लागली होती. भरत नाहीये अजून, इतकंच."

"दुखते?"

"नाही ना. मुळीच दुखत नाही."

आजीने आपल्या अर्ध्या उरलेल्या पावलाकडे पाहिलं.  मग हळूच म्हणाली, "माझी बोटंही आधी अशीच दुखायची थांबली होती. तुला कोणी विचारलं का गं, पोरी?"

फुआतिनो हसण्यावारी नेणार, तोच गावात ठोके पडले. सा. ती खुर्चीवर बसली, डोळे मिटले, भजन धरलं.

कपाटामागे काहीतरी हललं.

पावलं तीन नंबरकडे गेली नाहीत. एकेका खाटेजवळून सावकाश पुढे आली. वास जवळ आला, अगदी जवळ. तिच्या खुर्चीच्या पायाशी चटई उलगडली, सर्रर्र… आणि एकदाच, कट्.

तिने डोळे उघडले नाहीत. गाणं मात्र थांबलं.

त्या डाव्या पायाला दगड कळत नव्हता, शिंपला कळत नव्हता, गरम पाणीसुद्धा कळत नव्हतं. त्याच पायाच्या तळव्याखाली तिला आता कोणाचा तरी थंड हात स्पष्ट, अगदी स्पष्ट कळत होता. आणि तो हात, काही न बोलता, उत्तराची वाट बघत होता.