किडेसाहेबांचं नाव

“अगं माय!”

मी एवढ्यांदा किंचाळले की पलीकडच्या ओळीत कापूस वेचणारी तानुआत्या धावत आली. माझ्या अगदी समोर, पऱ्हाटीच्या आड, एक तरुण बोंडाला डोळा लावून बसला होता! नागपूरहून आलेला, शेतकी खात्याचा. अमडापूरच्या शिवारात सगळे त्याला ‘किडेसाहेब’च म्हणत.

आत्या हसत परत गेली. मी मात्र... तिथंच घुटमळले.

“हा लाल भुंगा काय?”

“भुंगा कुरतडते. हा ढेकणाचा भाऊबंद. याले सोंड हाय, सरकीचा रस पिते. पंख पाहा, अर्धे जाड, अर्धे पातळ. पिल्लाले तं पंखच नसतात, कात टाकत टाकत येतात.”

“अन् हे दोघं... पाठीले पाठ लावून?”

“जोडपं हाय.” त्याचे कान लाल झाले. “दोन-दोन दिवस सुटत नाही. ती जिकडं जाईन तिकडं तो... उलटा फरफटत.”

असं कुणी मुलीला सांगतं? आणि तरीही दुसऱ्या दिवशी मीच घासलेट-पाण्याचा डबा धरून उभी! तो बोंडं झटकायचा, ढेकूण टपाटप डब्यात पडायचे, आणि आमचं हसू थांबायचं नाही. मला तो आवडला होता, अगदी मनापासून.

त्या हसण्याच्या भरातच मी बोलून गेले—

“पिंपळगाव राजाचं स्थळ आलं होतं मले. नवरदेवाचं नाव काय, तं उकंडराव! उकिरड्यावरचं नाव! मी बाबाले साफ नाही म्हटलं.”

तो हसला नाही.

“त्याच्या माईची आधीची लेकरं जगली नाही,” तो हळूच म्हणाला. “मी जगावा म्हणून मले उकिरड्यावर ठेवून उचललं.”

‘मी... मले?’ म्हणजे हाच तो उकंडराव! डबा हातातून सुटला. शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“तुमाले माहीत होतं... मी कोण ते?”

“पहिल्या दिवसापासून. नोकरी नागपूरची, घर पिंपळगावचंच. न पाहता ‘नाही’ म्हणणारी पोरगी कशी असते, पाह्यचं होतं.” तो उठला. “उद्या मेहकरले जाऊन राह्यलो. येतो—”

“थांबा ना! मी... मी आजच सांगते बाबाले. होकार धाडा म्हणते.”

तो थबकला.

“खरं? मंग एकदा नाव घे माझं. आता घेतलं तसंच.”

मी पदर तोंडाशी धरला.

“आता नाही घेणार.”

“काऊन?”

“नवऱ्याचं नाव कोणी घेते काय?”